अकरा जणींची भिशी बेचाळीसची झाली आणि वही आली. राज्यं पण अशीच झाली का?

टॉवेलवाली_सोलापूर

नमस्कार. मी इथे नेहमी नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ. प्रश्न जरा लांबून येतो, सांभाळून घ्या.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. घरात तेलुगू, शाळा मराठी, शेजारी कन्नड, त्यामुळे माझं मराठी कुठे घसरलं तर दोष माझ्या एकटीचा नाही. आई विड्या वळायची, आता डोळे साथ देत नाहीत.

चौदा वर्षांपूर्वी आईने गल्लीत भिशी सुरू केली. अकरा जणी, महिना दोनशे. दहा तारखेला दुपारी आमच्या ओट्यावर चिठ्ठी निघायची आणि बावीसशे रुपये एकीच्या पदरात. वही नव्हती, कारण आईला लिहिता येत नाही. ती विडीच्या दोऱ्याला गाठी मारायची. प्रत्येकीचा एक दोरा, दर महिन्याला एक गाठ, जिची भिशी लागली तिच्या दोऱ्याला दुहेरी गाठ. खुंटीला अकरा दोरे लटकलेले असायचे आणि कुठला कुणाचा हे ती नुसता हात लावून सांगायची. चिठ्ठी तर नावालाच. कुणाच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं असेल तर चिठ्ठी तिचीच निघायची. कशी निघाली, हे कुणी विचारायचं नाही.

मग भिशी वाढली. घरकुलातल्या विडीवाल्या आल्या, माझ्या कारखान्यातल्या शिलाईच्या बायका आल्या, त्यांच्या जावा आल्या. आज बेचाळीस जणी, महिना हजार. म्हणजे एकीला एकदम बेचाळीस हजार, आणि फेरा संपायला साडेतीन वर्षं. सगळं दुखणं त्या साडेतीन वर्षांत आहे.

मागच्या वर्षी चौथ्या महिन्यात जिची भिशी लागली, तिने सातवा हप्ता भरला आणि बिऱ्हाड घेऊन भिवंडीला गेली. पस्तीस हप्ते बाकी. तिला भिशीत आणलं कुणी, असं विचारलं तर दोघी एकमेकींकडे बोट दाखवू लागल्या. त्यानंतर आम्ही नियम केले. वही, सही नाहीतर अंगठा, दोन जामीन, दहा तारीख उलटली की पन्नास रुपये दंड, पेटीला दोन कुलपं. आणि वही माझ्याकडे, कारण मी 'हिशेबवाली'.

तिथून बिघडलं. मी ओट्यावर आले की बोलणं थांबतं. "मॅनेजरबाई आल्या" असं हळूच ऐकू येतं. गेल्या महिन्यात एकीचा नवरा दवाखान्यात होता, तिला तीन दिवस उशीर झाला. मी दंड घेतला, कारण त्याच्या आधीच्या महिन्यात दुसरीकडून घेतला होता. आई त्या रात्री जेवली नाही. म्हणाली, "दोरा हातात घेतला की मला तिचा नवरासुद्धा आठवायचा. तुझ्या वहीत काय आठवतंय?"

तर प्रश्न असा. माणसांचे समाज असेच वाढत गेले का? आधी सगळे ओळखीचे, मग आकडा वाढला, मग वही, दंड, कुलूप, आणि शेवटी ज्याच्या हातात वही तो राजा? की दुसराही रस्ता कुणी काढलाय? उदाहरणं द्या. नुसतं 'मानवी स्वभाव' असं सांगू नका, तो मला दर दहा तारखेला दिसतो.

---

पार्कचौक_रिटर्न्स

अक्का, एवढं कशाला? व्हॉट्सअॅपवर ग्रुप करायचा, पैसे मोबाईलवरून पाठवायचे, स्क्रीनशॉट टाकायचा. विषय संपला बे.

---

टॉवेलवाली_सोलापूर

बेचाळीसपैकी सतरा जणींकडे स्वतःचा फोन नाही, नवऱ्याचा आहे. भिशी कशासाठी असते ते मग तूच विचार कर.

---

पार्कचौक_रिटर्न्स

बरोबर आहे. गप्प बसतो.

---

निवृत्त_मास्तर_बार्शी

ताई, आधी तुमच्या आईंच्या खुंटीबद्दल, कारण ते वाचून मी चहा ठेवून उठलो.

दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात इंका लोकांचं साम्राज्य होतं. १५३२मध्ये स्पॅनिश लोक येऊन थडकेपर्यंत ते लाखो माणसांवर चाललं, आणि त्यांना आपल्या अर्थाने लिपी नव्हती. होते ते दोरे. एका जाड दोरीला लोंबणारे अनेक दोरे, कापसाचे किंवा लामासारख्या जनावरांच्या लोकरीचे, आणि त्यांवर गाठी. त्याला किपू म्हणतात. गाठ दोऱ्यावर कुठे मारली यावरून एकं, दहं, शतं कळायचं, आणि एकंच्या गाठीची धाटणीच वेगळी. कोठारात मका किती, कुठल्या गावाने किती दिवस वेठ दिली, सगळं त्यात. घरांची मोजणी दहा, शंभर, हजार अशा गटांनी, आणि प्रत्येक गटावर एक मुख्य. म्हणजे वही नसली तर राज्य होत नाही, हे खरं नाही. मात्र तिथेही गाठी वाचणारे ठरलेले लोक होते. तुमच्या ओट्यावरचं 'मॅनेजरबाई' त्यांनीही ऐकलं असेल.

आता आकडा. अकरा जणींत जोड्या किती? पंचावन्न. बेचाळीस जणींत? आठशे एकसष्ट. माणसं चौपटही झाली नाहीत आणि नाती पंधरापटीच्या वर गेली. आईंच्या डोक्यात पंचावन्न नाती मावत होती. आठशे एकसष्ट कुणाच्याच मावणार नाहीत. रॉबिन डनबार या इंग्रज अभ्यासकाने माकडांच्या मेंदूवरून अंदाज बांधला की माणूस साधारण दीडशे जणांशी खरं नातं ठेवू शकतो. तो आकडा मी वेदवाक्य मानत नाही, पण मर्यादा आहे हे दिसतंच. त्याहून उपयोगी मला ग्रेगरी जॉन्सन हा पुरातत्त्वाचा अभ्यासक वाटतो. १९८२मध्ये त्याने म्हटलं, निर्णयाला बसलेले घटक सहाच्या आसपास गेले की भांडणं वाढतात. मग दोन वाटा. एक, वर कुणाला तरी बसवा. दुसरी, घटकच मोठे करा, म्हणजे माणसामाणसाने बोलण्याऐवजी कुटुंबाने कुटुंबाशी बोलावं. दुसरी वाट आपण विसरतो, कारण पहिल्या वाटेवरचे लोक शिलालेख कोरून ठेवतात.

इराकमधल्या उरुक शहरातल्या सर्वांत जुन्या मातीच्या पाट्या इसवी सनापूर्वी ३३००च्या सुमाराच्या आहेत. त्यांवर काव्य नाही, राजाची स्तुती नाही. बहुतेक हिशेब: सातू, मेंढ्या, मजुरांची शिधावाटप, बिअर. लेखन जन्माला आलं ते कारकुनाच्या पोटी. शाळेत हे सांगितलं की मुलं हिरमुसायची.

पण लगेच 'वही आली की राजा आला' असं म्हणू नका. सिंधू संस्कृती घ्या, इसवी सनापूर्वी २६०० ते १९००. मोहेंजोदडो, धोलावीरा, लोथल, शेकडो मैलांच्या अंतरावर, आणि वजनं एकाच मापाची. घासून गुळगुळीत केलेले दगडी ठोकळे: एक, दोन, चार, आठ, सोळा अशा दुपटीने चढणारे, सोळाचं वजन साधारण साडेतेरा ग्रॅम. विटा लहान असोत वा मोठ्या, उंची-रुंदी-लांबीचं प्रमाण १:२:४. आणि इतकं असून राजवाडा म्हणून बोट ठेवता येईल अशी इमारत सापडलेली नाही, राजाची भपकेबाज कबर नाही. त्यांनी माणसावर नाही, मापावर एकमत केलं असं मला वाटतं. तुमच्या कारखान्यात टॉवेलची लांबी-रुंदी नि वजन ठरलं की मालक समोर उभा राहावा लागत नाही, तसं.

आणि आपल्या जवळचं इनामगाव. पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खणलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत बाकीची घरं लहान, आणि एकच घर पाच खोल्यांचं. त्या घराला लागून काय? धान्याचं कोठार. उत्खनन करणाऱ्यांनी ते गावप्रमुखाचं घर मानलं. म्हणजे पेटीची किल्ली ज्याच्याकडे, त्याचं घर मोठं. पण पुढे पावसाने दगा दिला, त्याच गावात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, आणि इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास गाव उठलं. वाढलेली व्यवस्था उलटीही फिरते. तुमच्या भिशीला अकरावर परत जायची मुभा आहे, एवढंच.

---

टॉवेलवाली_सोलापूर

सर, आईला किपूचं वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "मग मी अडाणी कशी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अकरावर परत जाणं शक्य नाही. बावीसशेत काय होतं आता? बेचाळीस हजार हवेत म्हणूनच बायका आल्यात. कुणाला घरकुलाचे थकलेले हप्ते भरायचेत, कुणाला पोराची फी. लहान भिशीत जीव लागतो, मोठ्या भिशीत काम होतं. दोन्ही पाहिजे.

---

नातेपुते_टाळकरी

राम कृष्ण हरी माउली.

दोन्ही पाहिजे म्हणता तर वारीत या. आमच्याकडे दिंडीत जेवणखाणाचे जे पैसे भरतात त्यालाही भिशीच म्हणतात, म्हणून तुमचा धागा उघडला.

माउलींच्या पालखीबरोबर लाखो लोक चालतात. त्यांना कोण चालवतं? एकेक दिंडी. दिंडीत पुढे पताका, मागे टाळकरी, मध्ये मृदंग, वीणेकरी, मागे तुळस घेतलेल्या माउल्या. दिंडीतला माणूस दिंडीतल्या माणसाला ओळखतो, पुढच्या दिंडीचा त्याला पत्ता नसतो. पण आपली दिंडी रथाच्या पुढे की मागे आणि कितवी, हे पोरालाही पाठ. हा क्रम हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिला, एकोणिसाव्या शतकात. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे फौजेची शिस्त आणि भजन असं दोन्ही त्यात आलं.

आता मुद्द्याचं. संध्याकाळी पालखी तळावर आली की समाजआरती. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या, टाळांचा कल्लोळ. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि एका क्षणात सगळं शांत. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण ज्या दिंडीची तक्रार आहे ती थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. त्या सगळ्या शांततेत एकाच कोपऱ्यात टाळ. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, मार्ग काढतो, मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ, आणि आरती.

तुमच्या भिशीत दंड आहे, जामीन आहे, कुलूप आहे. टाळ वाजवायची जागा आहे का, ते बघा.

---

पांझराकाठचा

मी धुळे जिल्ह्यातला, साक्री तालुका. आमच्याकडे फड पद्धत आहे, शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. ऊस तर सगळ्यांचा ऊस. म्हणजे पाण्याची गरज सारखी, पाळी लावायला सोपी, आणि 'माझ्या पिकाला आज जास्त पाहिजे' हे भांडणच नाही.

खरी गंमत पुढे. साधारणपणे प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असते. पाऊस कमी झाला की एक फड कोरडा ठेवायचा. मग नुकसान सगळ्यांचं. पाटाच्या शेवटी असलेला एकटाच मरतो असं होत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांची मजुरी शेतकऱ्यांकडूनच. म्हणजे राखणदार गावाचा नोकर, मालक नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरातल्या अशा व्यवस्थांचा अभ्यास केला. २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. त्यांचं स्वित्झर्लंडमधलं एक उदाहरण मला फार आवडतं. त्यात एका डोंगरी गावाचा पाचशे वर्षांपूर्वीचा नियम असा: हिवाळ्यात जितक्या गायी तुम्ही घरच्या वैरणीवर पोसू शकता, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. मोजायला बाहेरचा अधिकारी नको, शेजाऱ्याला दिसतंच.

आणि दंडाबद्दल त्यांचं म्हणणं तुमच्या कामाचं आहे. ज्या व्यवस्था टिकल्या त्यांत पहिल्या चुकीला दंड अगदी हलका, जवळजवळ नुसती आठवण. पुन्हा केलं की वाढत जातो. शिवाय कारण ऐकून घेणारे लोक जवळचेच. तुम्ही पहिल्याच फटक्याला नवरा दवाखान्यात असलेल्या बाईकडून पन्नास घेतले. राग मानू नका, पण तिथे चुकलं.

---

सेटलमेंटचा_नातू

सगळं छान चाललंय. वजनं, दिंड्या, गायी. मी जरा कडू बोलतो.

माझं घराणं सोलापूरच्या सेटलमेंटमधलं. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. इंग्रजांनी १८७१मध्ये कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेचं कुंपण घालून वस्ती केली. आत राहणाऱ्यांची हजेरी. गिरणीत कामाला जायचं, परत यायचं, हजेरी द्यायची. शहर गिरणीच्या भोंग्यावर उठत-बसत होतं, आमचे लोक भोंगा आणि हजेरी दोन्हींवर. देश १९४७ला मोकळा झाला, हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. माझे आजोबा म्हातारपणीसुद्धा रात्री कुणी पूर्ण नाव घेऊन हाक मारली तर झोपेतून 'हजर' म्हणायचे.

तीही वहीच होती, मास्तर. फार नीटनेटकी.

आणि 'सगळ्यांनी मानलेली व्यवस्था' म्हणताना जपून. गावगाड्यात बारा बलुतेदार होते, प्रत्येकाचं काम ठरलेलं, सुगीला प्रत्येकाचा वाटा ठरलेला. शतकानुशतकं टिकली व्यवस्था. महारकी वतनाच्या नावाखाली राबणाऱ्यांना कुणी विचारलं होतं? बाबासाहेबांनी १९२८मध्ये त्यावर विधेयक आणलं. ते वतन कायद्याने जायला १९५८ उजाडलं. टिकली म्हणून चांगली, असं नसतं. हैबतबाबांच्या वारीतही दिंड्यांच्या क्रमावरून कुणी कुठे चालायचं याचे प्रश्न निघालेच आहेत.

ताई, वही लागणारच. फक्त ती ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचता आली पाहिजे. तुमच्या बेचाळीसपैकी किती जणींना वही वाचता येते? नसेल येत तर दहा तारखेला ओट्यावर मोठ्याने वाचा. पहिल्या पानापासून. तुमच्या स्वतःच्या हप्त्यासकट.

---

निवृत्त_मास्तर_बार्शी

मान्य. सिंधूबद्दल मी 'एकमत' हा शब्द फार सहज वापरला. वजनं कुणी पाळायला लावली हे दगड सांगत नाहीत.

---

नातेपुते_टाळकरी

क्रमाचं तुमचं म्हणणं नाकारत नाही. टाळ वाजतात ते त्यासाठीच.

---

टॉवेलवाली_सोलापूर

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. मध्ये दहा तारीख येऊन गेली.

मी सगळं छापून नेलं होतं, कुणी ऐकलं नाही. मग सेटलमेंटच्या दादांचं केलं. वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले, मराठीत, आणि शेजारची अक्का तेलुगूत सांगत गेली. बावीस मिनिटं लागली. माझाच एक हप्ता दोन दिवस उशिरा भरल्याचं त्यात होतं, आणि दंड लिहिलेला नव्हता. मी विसरले होते. खरंच विसरले होते. ओटा एकदम शांत झाला, मग सगळ्या इतक्या हसल्या की समोरच्या मागावरचा माणूस बाहेर येऊन बघून गेला. पन्नास रुपये तिथेच पेटीत टाकले. 'मॅनेजरबाई' त्या दिवशी तरी बंद झालं.

ठरलं ते असं. चौदा-चौदाच्या तीन तुकड्या, राहायच्या जागेप्रमाणे. हप्ता तुकडीतच गोळा व्हायचा. उशीर झाला तर का झाला हे तुकडीला माहीत असतं, दंड घ्यायचा की नाही ते तुकडी सांगेल. नवी बाई आणायची तर तुकडीने आणायची आणि ती पळाली तर तुकडीनेच भरायचं. यावर सर्वांत जास्त भांडण झालं, जवळजवळ मोडलंच होतं. पण भिशी मात्र एकच, बेचाळीस हजारांची. वही दरवर्षी दुसऱ्या तुकडीकडे.

टाळ आमच्याकडे नाहीत. एका अक्काने उपाय काढला. चहाला सगळ्या जणी आपापला पेला घेऊन येतात. जिची तक्रार आहे तिने पेला पालथा ठेवायचा, आणि एकही पेला पालथा असेपर्यंत चिठ्ठी काढायची नाही. पहिल्याच दिवशी तीन पालथे. एक दंडाबद्दल, एक माझ्याबद्दल, आणि एकीला नुसता चहा नको होता.

भिवंडीवालीने एका बाईच्या हाती तीन हजार पाठवलेत. बत्तीस राहिले. ते कुणी भरायचे यावर अजून काही ठरलेलं नाही.

फड पद्धतीचं आईला फार पटलं, तिने दोनदा विचारून घेतलं. आणि मास्तर, तिचा एक प्रश्न आहे, तुम्हालाच विचारायला सांगितलाय. त्या इंका राजाकडे कापसाचा दोरा इतकी वर्षं टिकला कसा? तिच्या खुंटीवरचा तर एका पावसाळ्यात कुजायचा, आणि दर श्रावणात ती सगळ्या गाठी नव्या दोऱ्यावर उतरवून घ्यायची.